ओसरीवरची थरथर

रात्री दीडनंतर काशीमीऱ्यात एकच आवाज उरतो, उड्डाणपुलाचा. दिवसा त्याच्यावर इतर आवाजांची पुटं चढलेली असतात: शेअर रिक्षावाल्यांच्या हाका, नाक्यावर वळणाऱ्या बसचे भोंगे, मेट्रोच्या खांबांखालची खडखड, कुठल्याशा सोसायटीतली आरती. रात्र वाढली की ही पुटं गळून पडतात आणि पूल आपल्या मूळ आवाजात बोलू लागतो. त्याच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी सांधा आहे. त्यावरून गाडी गेली की आधी पुढची चाकं वाजतात, मग मागची. धड-धड. मोटारीचे दोन ठोके अगदी लगोलग, भरलेल्या टँकरचे जड आणि दबके, गुजरातेतून येणाऱ्या लांबलचक ट्रेलरचे ओळीनं पाच-सहा, आणि मग एखादा क्षण असा येतो की हमरस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा, घोडबंदरकडचं वळण रिकामं, महाराजांच्या पुतळ्याभोवतीचा चौक रिकामा, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून ओल्या पाल्याचा वास घेऊन उतरलेला वारा तेवढा चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीचा पडदा हळूच आत ढकलतो. त्या रिकाम्या क्षणात मला माझं हृदय ऐकू येतं.

डाव्या कुशीवर वळलं की जास्तच. उशीत रुतलेल्या कानाशी ते चालत असतं, शेजारच्या खोलीत कुणी अनवाणी फिरावं तसं. पन्नाशी दोन वर्षांवर आली होती तेव्हाची ही गोष्ट. अशीच एक रात्र, पूल असाच बोलत होता. मी नकळत बाहेरचे ठोके आणि आतले ठोके एकमेकांत मिसळत पडले होते, आणि शिलाई मशीनचा चामडी पट्टा चाकावरून निसटावा, पाय पायडलवर पोकळच हलत राहावा, तसं छातीत झालं. एक ठोका आलाच नाही. पुढचा आला तो दार धडकून. मी उठून बसले. अंधारात गळ्याशी हात नेला. मग पुन्हा सगळं सुरळीत, जणू काही घडलंच नव्हतं.

हे मी चार महिने कुणालाही सांगितलं नाही.

थकवा तर त्याच्याही आधीपासून होता. पण थकव्याचं काय सांगायचं? मीरा रोडहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, ‘दमले गं बाई’ हे वाक्य ‘कशी आहेस’च्या उत्तरासारखं बोललं जातं. कुणी उभ्याउभ्या डुलक्या घेतं, कुणी मांडीवर पिशवी उघडून गवार मोडतं, कुणी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून डोळे मिटतं. दहिसरची खाडी, खारफुटी, मिठागरांचे चौकोन मागे पळत राहतात आणि सगळ्यांचा थकवा एकमेकांत मिसळून त्या डब्याची हवाच होऊन जातो. हवेबद्दल कोण तक्रार करतं? स्टेशनचा जिना चढताना अकराव्या पायरीवर मी कठडा धरायला लागले होते. आधी सतराव्या पायरीवर धरत असे. अकरा आणि सतरा यांच्यामधल्या सहा पायऱ्या कुठे गेल्या, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आजी ‘थकवा’ हा शब्द फारसा वापरायची नाही. ती म्हणायची शीण. शेतावरून आली की ओसरीच्या खांबाला पाठ लावून, पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, ‘जरा शीण उतरू दे.’ मला तो उतरताना दिसायचा. खांद्यावरून, पाठीवरून, पोटऱ्यांवरून, पावसाचं पाणी कौलांवरून ओघळावं तसा तो ओघळत अंगणात जायचा आणि आजी उठून चुलीशी लागायची. शीण चढतो आणि उतरतो. त्याला येण्याची वाट असते तशी जाण्याचीही असते. गूळ-पाणी, थोडी सावली, एक झोप एवढ्यात तो जातो. माझ्या अंगात शिरलेलं ते शीण नव्हतं. मी आठ तास झोपून उठायचे आणि उठतानाच वाटायचं की आताच कुठून तरी ओझं वाहून आले आहे. अंगात त्राण नसणं, हातपाय गळणं, मरगळ, गळाठा. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. पण ‘उतरत नाही असा शीण’ यासाठी आजीकडे शब्द नव्हता. आईकडे होता. ती म्हणायची, ‘होतंच.’

आईविषयी लिहिल्याशिवाय माझ्या छातीविषयी मला लिहिता येणार नाही.

ती संगमेश्वर तालुक्यातली. अकरा वर्षांची असताना तिचा घसा बसला, आठपंधरा दिवसांत बराही झाला, आणि त्यानंतर ताप चढून सांधे धरले. आज गुडघा सुजायचा, उद्या तो उतरून घोटा, परवा मनगट. घरच्यांनी निर्गुडीचा पाला बांधला, शेक दिला, दीड महिन्यानं मुलगी पुन्हा हिंडूफिरू लागली आणि सगळे विसरून गेले. तिचं हृदय विसरलं नाही. घशातल्या साध्या जंतूंशी लढता लढता शरीर गोंधळतं आणि स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर हात उगारतं. असा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो आणि हृदयाला चावा घेतो, अशी डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे. चाव्याचा व्रण हळूहळू घट्ट होत जातो. वीस वर्षं, तीस वर्षं. तेवढ्या काळात आईचं लग्न झालं, लालबागच्या चाळीत संसार मांडला गेला, आम्ही झालो, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांची गिरणी पुन्हा कधी सुरू झाली नाही, खोली विकली गेली आणि १९९४ मध्ये आम्ही काशीमीऱ्याला आलो. तेव्हा इथे रात्री बेडकांचा आवाज असे. आईनं खिडकीशी मशीन मांडलं आणि साड्यांना फॉल-बिडिंग करायला घेतलं.

त्या मशीनच्या आवाजानं आमचं घर चाललं. मी अभ्यास केला तो त्या लयीवर, झोपले त्या लयीवर. आईचा पाय पायडलवर असा पडायचा की टाक्यांची ओळ डोळे मिटून ऐकावी. मग केव्हातरी, कधीपासून ते आता सांगता येत नाही, ती मध्येच थांबू लागली. पाय थांबायचा, हात साडीवर तसाच, नजर खिडकीबाहेर. ‘काय गं?’ म्हटलं की म्हणायची, ‘काही नाही बाय, छातीत दोघी कांडायला बसल्यात नि दोघींची मुसळं एकमेकींत अडकतायत.’ मी हसायचे. कोकणातल्या माणसांच्या बोलण्यात अशा उपमा येतच असतात, असं वाटायचं. आज तिच्या त्या वाक्याइतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

शाळेत आम्ही हृदयाच्या कप्प्यांची नावं पाठ केली होती. जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका, नंतरच्या पुस्तकांत अलिंद आणि निलय. परीक्षेपुरती पाठ केलेली ही नावं फार वर्षांनी एकदा शब्दकोशात डोकावताना पुन्हा भेटली आणि मी त्या पानावर थबकले. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी. निलय म्हणजे घर. कुठल्या विद्वानानं ही नावं निवडली ते मला ठाऊक नाही, पण छातीच्या आत त्यानं आजीचं घरच बांधून ठेवलं आहे. बाहेरून आलेलं रक्त आधी ओसरीवर टेकतं, क्षणभर विसावतं, मग ओसरी त्याला हलकेच आत लोटते आणि घर ते साऱ्या देहात धाडून देतं. आधी ओसरी, मग घर. लब-डब हा जो आवाज कानाला नळी लावून ऐकतात तो या घराची दारं लागल्याचा. दिवसातून एक लाखाहून अधिक वेळा ती उघडतात आणि मिटतात, कुणी न सांगता.

आईच्या हृदयाचं ओसरीतून घरात जाणारं दार व्रणांनी अरुंद झालं होतं. रक्त ओसरीवर तुंबायचं. तुंबून तुंबून ओसरी ताणली गेली, आणि अशी ताणलेली ओसरी एक दिवस ठोका द्यायचंच विसरते. ती नुसती थरथरते. मिनिटाला तीनशे-चारशे वेळा, त्याहूनही अधिक. शेजारून जड ट्रक गेल्यावर भरल्या परातीतलं पाणी कापत राहावं, तशी. त्या थरथरीतले काही इशारे घरापर्यंत पोचतात, काही वाटेतच विरतात, म्हणून घराच्या ठोक्यांना ताल उरत नाही. दोघी कांडायला बसल्यात. मुसळं एकमेकींत अडकतायत. आणि थरथरणाऱ्या ओसरीच्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं. साचलेलं रक्त गोठतं.

मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेले होते, नाही असं नाही. डॉक्टरांनी तिच्या मनगटाला बोटं लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणलं. ‘बहात्तर. अगदी छान. वयाप्रमाणे थकायला होणारच, मावशी. टॉनिक देतो.’ आई उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आली. त्या पंधरा सेकंदांत तिची नाडी कदाचित नीट चाललीही असेल. येताना तिनं नाक्यावर माझ्यासाठी पेरू घेतले.

जुलै २००७. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळी मी निघाले तेव्हा ती मशीनवर होती, जांभळ्या रंगाची एक साडी मांडीवर होती. दुपारी तिच्या उजव्या हातातून कापड निसटायला लागलं. तिनं वडिलांना काहीतरी सांगितलं, ते त्यांना कळलं नाही. तिला ‘सुई’ म्हणायचं होतं आणि तोंडातून दुसराच शब्द येत होता. वडिलांना वाटलं, अशक्तपणा. त्यांनी साखरपाणी पाजलं आणि पांघरूण घालून निजवलं. झोपली तर बरं वाटेल. शीण उतरेल. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाप्रमाणे त्यांनी बरोबरच केलं होतं. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू, ओल्या भिंतीवरून कागद सुटावा तशी, खाली आली होती.

नाक्यावर गाड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. ठाण्याच्या बाजूचे ट्रक, बोरिवलीच्या बाजूच्या बस, सगळ्यांचे लाल दिवे पावसात पसरलेले. रिक्षा इंचाइंचानं सरकत होती. आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिचा डावा हात माझ्या हातात. तेव्हा पहिल्यांदा माझ्या बोटांनी तिची नाडी पाहिली. मला मोजता येत नव्हतं. एक ठोका मोठा, मग दोन बारीक, मग काहीच नाही, मग घाईनं तीन. पाऊस थांबल्यावर पत्र्याच्या पागोळ्या गळतात ना, एक इथे, एक तिथे, कधी दोन एकदम, मध्येच लांब गप्प, आणि पुढचा थेंब केव्हा पडेल ते पत्र्यालाही ठाऊक नसतं. तशी. शार्ङ्गधर संहितेत नाड्यांची वर्णनं आहेत. वाताची नाडी सापासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची बेडकासारखी, कावळ्यासारखी, कफाची हंसासारखी. बोटांच्या टोकांवर इतके प्राणी चालताना ज्यांनी ओळखले ती माणसं किती निवांत बसत असतील दुसऱ्याचा हात धरून, असं पुढे ते वाचताना मला वाटत राहिलं. मी मात्र आईचा हात असा धरला तो रिक्षात, उशिरा.

मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते पहिल्या काही तासांतच देता येतं. आज ही मुदत साडेचार तासांची मानतात. आमची ती वेळ घरी पांघरुणाखाली निघून गेली होती.

वॉर्डात तिच्या पलंगाशी बाटली टांगलेली असायची. सिस्टर म्हणायच्या, ‘आरएल संपत आली की हाक मारा.’ मी थेंब मोजत बसायचे. आरएल म्हणजे रिंगर्स लॅक्टेट. त्या दोन अक्षरांमागे एक नाव आहे, सिडनी रिंगर. हे मला खूप नंतर कळलं. १८८२-८३ च्या सुमाराला लंडनमध्ये हा डॉक्टर बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते पाहत होता. हृदय छान चालत राहिलं. मग लक्षात आलं की मदतनिसानं मीठ कालवलं होतं ते साध्या नळाच्या पाण्यात. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात तेच मीठ घातलं तर हृदय थकत थकत थांबायचं. नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश होता, कॅल्शियम होतं. हृदयाला नुसतं मीठ पुरत नाही, त्याला मिठांचा मेळ लागतो: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. पेशींच्या पडद्यांतून हे क्षार आतबाहेर करतात, त्यांच्या त्या येरझारीतून विजेची ठिणगी उठते, आणि ठिणगी म्हणजेच ठोका. जुलाब-उलट्या झाल्या, घाम फार गेला, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं की याच मेळात बेसूर शिरतो.

इस्पितळातून परतताना लोकलच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. पावसाळ्यात ती नुसती तळी असतात, राखाडी, आभाळ पडलेली. पण लहानपणापासून नसलं तरी तरुणपणापासून ती मी उन्हाळ्यात पाहिली आहेत: भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडून ठेवलेलं, उन्हानं ते रोज थोडं थोडं दाट होत जाणारं, आणि एके दिवशी कडेनं पांढरी साय धरावी तसं मीठ धरणारं. अनवाणी माणसं ते ओढून ढीग घालायची. संध्याकाळच्या उन्हात ते ढीग आतून दिवा लावल्यासारखे उजळायचे. भाईंदरच्या, मिऱ्याच्या आगरांतलं हे मीठ आणि आईच्या छातीत चुकतमाकत ठिणग्या पाडणारं मीठ एकाच समुद्राचं. हा विचार त्या दिवसांत मला कुठल्याही सांत्वनापेक्षा जास्त धरून ठेवत होता.

आई नंतर सात वर्षं जगली. उजवा हात मशीनवर पुन्हा कधी बसला नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आणि ती किती लागू पडते हे पाहायला ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. पालेभाजी एकदम जास्त खायची नाही, एकदम सोडायचीही नाही, कारण हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट ओढतं. टाकळा तिचा जीव की प्राण. मी वाटीनं मोजून वाढायचे. ती डाव्या हातानं वाटी पुढे करायची, थोडी आणखी घाल म्हणून डोळ्यांनी सांगायची, आणि मी मान हलवायचे. ती वाटी अजून आहे.

तर चार महिने मी गप्प राहिले ते का, हे आता वाचणाऱ्यांना कळेल. मला वाटत होतं, आईची ओसरी माझ्या छातीत बांधून झाली आहे. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेऊ नये, असं काहीतरी आदिम माझ्या मनात बसलं होतं. शेवटी स्टेशनच्या जिन्यावर, नवव्या पायरीवर, डोळ्यांपुढे काळोख आला आणि एका अनोळखी बाईनं मला धरून खाली बसवलं. तिच्या पिशवीतली मोडलेली गवार माझ्या मांडीवर सांडली. ‘कधीपासून असं होतंय?’ तिनं विचारलं. त्या चार महिन्यांत मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देताना मला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी यंत्र लावलं नाही. बोटानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग तळहात उलटा केला. मग मनगट धरलं आणि पूर्ण मिनिटभर काही न बोलता बसून राहिल्या. मिनिट केवढं मोठं असतं! पंख्याचा आवाज, बाहेर नंबर पुकारणारा मुलगा, लांबून पुलाचा सांधा. मला वाटलं, त्या माझ्या आत फिरून येत आहेत. ‘पाळी किती दिवस जाते?’ त्यांनी विचारलं. बारा-बारा दिवस, दोन वर्षं. हेही मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या वयात होतंच.

हिमोग्लोबिन ७.६ आलं. बारा तरी हवं. गर्भाशयात गाठी होत्या, त्यातून महिन्यामागून महिने रक्त वाहून जात होतं, आणि उरलेल्या पातळ रक्तातून सगळ्या देहाला पुरेसा प्राणवायू पोचवायचा म्हणून हृदय धावत होतं. थोड्या भांड्यांत जास्त पाणी भरायचं तर खेपा वाढवाव्याच लागतात. मी जिला थकलेली म्हणत होते ती माझ्या आत रात्रंदिवस खेपा घालत होती.

थायरॉइडही तपासलं, ते जास्त झालं तरी छाती धडधडते आणि कमी झालं तरी माणूस गळून जातं. ते ठीक निघालं. साखर ठीक. झोपेत घोरते का, मध्येच श्वास अडकून दचकून उठते का, सर्दीची-दम्याची कुठली औषधं चालू आहेत का, दिवसातून चहा किती, काळजी कसली आहे, सगळं विचारून झालं. छातीची सोनोग्राफी झाली. माझी दारं शाबूत होती. मग चोवीस तासांसाठी छातीला तारा चिकटवून कमरेला मोबाइलएवढं यंत्र बांधलं. त्याला होल्टर म्हणतात, अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टरच्या नावावरून. १९४० च्या दशकात त्यानं असं यंत्र पहिल्यांदा पाठीवर घेतलं तेव्हा त्याचं वजन अडतीस किलोच्या आसपास होतं. माणसाच्या छातीतली एवढीशी कुजबुज चालताबोलता ऐकता यावी म्हणून कुणीतरी एवढं ओझं वाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवलं. ‘हा बघा तुमचा चुकलेला ठोका. चुकलेला नाहीये तो. आधीच येऊन गेलाय.’ ओळीनं उभ्या सारख्या टोकांमध्ये एक टोक घाई करून पुढे आलं होतं. घर भरण्याआधीच ते दार लोटतं, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. मग हृदय थांबतं. बिघडून नाही, आपली मूळ मोजणी जिथे होती तिथे परत येण्यासाठी ते वाट पाहतं. त्या थांबण्यात घर नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका भरभरून पडतो. मी घाबरून उठून बसले होते तो हाच. असे ठोके निरोगी माणसांनाही येतात, रक्त कमी असलं की वाढतात. ‘पण चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, धाप लागली तर मात्र थांबायचं नाही, लगेच १०८ ला फोन,’ त्या म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले. बाहेर ऊन होतं. मला आजीच्या ओसरीचा खांब आठवला.

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घेतल्या. जेवणावर चहा बंद केला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. गाठींवर उपचार झाले. पाच महिन्यांनी मी सतराव्या पायरीवर पोचले आणि कठडा धरला नाही. तिथेच क्षणभर उभी राहिले, गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

पहिल्या पावसानंतर डोंगराकडच्या पाड्यांवरून वारली बायका रानभाज्या घेऊन नाक्यावर येतात. शेवळं आणि त्यांच्याबरोबर हवीतच अशी काकडं, कुर्डू, कोवळा टाकळा. मेट्रोच्या खांबाच्या सावलीत फडकं पसरून बसतात, डोक्यावर दहिसरकडून आलेली मार्गिका, बाजूनं धूळ. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक, असेल तिशीची, पाटी उतरवून बराच वेळ भाजी मांडेचना. छातीवर हात ठेवून बसली. मी टाकळ्याच्या दोन जुड्या उचलल्या आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. ‘काय होतंय?’ ‘काही नाही, ताई. होतं असं ओझं उतरवलं की.’ मी तिचा हात मागितला. तिनं ओले हात पदराला पुसले आणि संकोचून एक पुढे केला. कोपरापर्यंत गोंदण, नखं कागदासारखी पांढरी. मोजायला लागले. ट्रक गेले, बस गेली, कुणीतरी शेवळांचा भाव विचारून गेलं. एकशे बारा. लय नीट होती, पण धावत होती. टेंब्याला, पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं सरकारी रुग्णालय आहे तिथे, रक्त तपासून ये, म्हणून मी सांगितलं, बस कुठून मिळते तेही सांगितलं. तिनं मान हलवली, आणि मग तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं काही न बोलता आपलाही हात पुढे केला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या महाराष्ट्रातल्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त. लोकलचा अख्खा डबा घ्या आणि मधोमध रेघ ओढा. रेघेच्या एका बाजूला सगळ्याजणी खेपा घालणाऱ्या. यातल्या किती जणींनी ‘होतंच’ म्हणून सोडून दिलं असेल ते कुठल्या पाहणीत येत नाही.

मी आता रोज रात्री स्वतःची नाडी मोजत नाही. कधीतरी एक ठोका घाई करून पुढे येतो, मागे थोडी मोकळी जागा सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत मला पुलावरचा ट्रक ऐकू येतो, किंवा आईचं मशीन. खिडकीशी ते अजून आहे. चामडी पट्टा वाळून चिरला होता, मी नवा घालून घेतला.

तुमच्या घरात कुणी जिन्यात थांबत असेल, काम करताकरता मध्येच हात तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत असेल, ‘होतंच’ म्हणत असेल, तर आज तिच्याजवळ बसा आणि तिचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आत, दोन बोटं हलकी टेकवा. घड्याळ समोर ठेवा. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका.